जेम्स वेल्स आणि त्याची पुण्या-मुंबईतली चित्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारवाड्यात माणसं घेऊन फिरायला लागल्यापासून एक प्रश्न ठरलेला आहे : "नाना फडणवीस खरंच असे दिसायचे का?" त्याचं उत्तर द्यायचं तर स्कॉटलंडच्या एका चित्रकाराचं नाव घ्यावं लागतं. ते घेतलं की पुढचे प्रश्न सुरू होतात. दरवेळी जिन्यात उभं राहून तेच सांगण्यापेक्षा इथे लिहून ठेवतो.

जेम्स वेल्स म्हणजे कोण?

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर पीटरहेड नावाचं मासेमारीचं बंदर आहे. तिथे १७४७ मध्ये त्याचा जन्म झाला. शिक्षण ॲबर्डीनच्या मारिशल कॉलेजात. चित्रकला मात्र तो बहुतेक स्वतःची स्वतःच शिकला. सुरुवातीला पत्र्यावर छोटी व्यक्तिचित्रं रंगवून माफक दरात विकायचा. मग लंडनला गेला, १७८३ मध्ये सोसायटी ऑफ आर्टिस्ट्सच्या प्रदर्शनात आणि पुढे रॉयल अकादमीतही त्याची चित्रं लागली. नाव झालं म्हणावं असं काही झालं नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी, १७९१ मध्ये, तो मुंबईत उतरला आणि उरलेली चार-साडेचार वर्षं इथेच गेली. आज तो आठवला जातो तो या चार-साडेचार वर्षांसाठी.

आडनाव वेल्स, मग तो वेल्सचा नव्हता का?

नाही. आपल्याकडे नागपुरे पुण्यात राहतात, तसंच.

तो हिंदुस्थानातच का आला?

पैशासाठी, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. लंडनमध्ये व्यक्तिचित्रं काढणाऱ्यांची गर्दी होती. हिंदुस्थानात जाऊन नवाबांची, कंपनीच्या साहेबांची चित्रं काढली तर चार पैसे गाठीला लागतात, हे टिली केटल, झोफनी यांच्या उदाहरणावरून सगळ्यांना ठाऊक झालं होतं. कंपनीची परवानगी मात्र लागायची. ही मंडळी मद्रास, कलकत्ता, लखनौ धरून होती. मुंबईकडे फारसं कुणी फिरकत नव्हतं, आणि पुण्याच्या दरबारात तर विलायती तैलरंगाचा चित्रकार ही नवलाईच होती. वेल्सने जागा बरोबर हेरली, किंवा त्याचं नशीब तरी बरं होतं.

पुण्यात त्याला आणलं कुणी?

चार्ल्स वॉर मॅलेटने. हा पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा पहिला रेसिडेंट, १७८६ पासून पुण्यात. मुळा-मुठेच्या संगमावर त्याचा बंगला होता. (तो आता शोधू नका. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीच्या लढाईच्या दिवशी तो जाळला गेला.) मॅलेट मुत्सद्दी तर होताच, पण त्याला लेणी, जनावरं, झाडं, चालीरीती, सगळ्याचीच हौस होती आणि जे दिसेल ते कागदावर उतरवून घ्यायची सवय होती. त्यासाठी त्याला हात हवे होते. त्यातला एक हात वेल्सचा. दुसऱ्या हाताबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. मला विचाराल तर खरी गोष्ट त्याचीच आहे.

सवाई माधवराव आणि नाना यांचं ते प्रसिद्ध चित्र वेल्सचंच ना?

हो, १७९२ चं. मूळ तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. पाठ्यपुस्तकांत, वाड्यावाड्यांतल्या तसबिरींत, नाटकांच्या रंगभूषेत जो नाना आपण बघतो, त्याचं मूळ वेल्सने घेतलेल्या चेहऱ्यात आहे.

चित्र सावकाश बघायला हवं. पेशवे मध्ये बैठकीवर बसलेत, अंगावर पांढरी वस्त्रं, वर मोती आणि रत्नं. वय अठरा. चेहऱ्यावर अजून पोरसवदा गोलाई आहे आणि डोळ्यांत, मला तरी, कंटाळा दिसतो. बैठक देऊन तासनतास बसायचं म्हणजे कंटाळा यायचाच. शेजारी नाना, पन्नाशीचे. उंच, सडपातळ, गाल बसलेले, अंगावर दागिन्यांचा भपका नाही. मागे सेवक उभे.

आता या चित्राची जरा गंमत बघा. पेशवे चित्राचे यजमान, उजेड त्यांच्यावर, रत्नं त्यांच्यावर. पण नजर जाते ती नानांवर. चित्रकाराने हे मुद्दाम केलं की त्याच्याकडून झालं, यावर मी कधी पैज लावणार नाही. परंतु पुण्यात आलेल्या परक्या माणसाला दौलत कोण चालवतं ते कळायला आठ दिवस लागत नसत, आणि वेल्सला तर नानांसमोर बसून त्यांचा चेहरा निरखायला मिळाला होता.

मग नाना खरंच तसे दिसायचे?

समोर बसवून काढलेलं चित्र आहे, ऐकीव नाही. वेल्सला चेहरा पकडता यायचा, ती त्याची रोजीरोटीच होती. तेव्हा "बऱ्यापैकी तसेच" असं म्हणायला हरकत नाही.

महादजी शिंद्यांचंही त्याने चित्र काढलं का?

काढलं. योगही असा जुळला की १७९२ च्या जूनमध्ये महादजी उत्तरेतून पुण्यात आले, पेशव्यांसाठी बादशहाकडून वकील-ई-मुतलकीची (बादशहाच्या मुखत्यारीची) फर्मानं आणि वस्त्रं घेऊन. फर्मानबाडीचा तो मोठा सोहळा याच वर्षातला. म्हणजे पेशवे, नाना, महादजी असे तिघेही एकाच गावात, आणि त्याच वर्षी चेहरे टिपणारा माणूस हजर. पुढे १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी वानवडीला वारले, १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले. वेल्स चार-पाच वर्षं उशिरा येता तर यांतले दोन चेहरे त्याला मिळालेच नसते.

दरबारात तह होतानाचं एक मोठं चित्र आहे, ते त्याचं की डॅनियलचं?

दोघांचं, आणि गोंधळ इथेच होतो. १७९० च्या जूनमध्ये टिपूविरुद्ध इंग्रज आणि पेशवे यांचा तह झाला. मॅलेटच्या कारकिर्दीतला हा मानाचा दिवस, तेव्हा त्याचं भव्य चित्र व्हावं ही त्याची इच्छा. वेल्स पुण्यात आला तो तहानंतर. त्याने माणसं एकेक करून बसवली, चेहरे टिपले, महालाचे खांब, महिरपी उतरवून घेतल्या. मोठा कॅनव्हास रंगवायच्या आधीच तो गेला. मॅलेटने ते सगळे कागद विलायतेत नेले आणि थॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराकडून चित्र पुरं करून घेतलं. १८०५ मध्ये ते रॉयल अकादमीत लागलं. आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे.

म्हणजे ज्याने अभ्यास केला त्याने तो प्रसंग पाहिला नव्हता, आणि ज्याने रंगवलं त्यानेही पाहिला नव्हता. तरी आपल्याला ते चित्र सोन्यासारखं आहे, कारण त्यातला गणेश रंगमहाल १८२८ च्या आगीत गेला. आता शनिवारवाड्यात जोत्यावर उभं राहून "इथे दरबार भरायचा" असं सांगताना माझ्या डोळ्यांसमोर जे येतं ते वेल्सच्या कागदांवरून आलेलं आहे.

शनिवारवाड्यात त्याने चित्रशाळा काढली होती म्हणतात, खरं?

मॅलेटच्या सांगण्यावरून पेशव्यांनी वाड्यात चित्रकलेची शाळा उघडली आणि वेल्स तिथे शिकवायचा, असं पुण्याच्या इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत येतं. शाळा म्हटल्यावर बाकं, घंटा, हजेरीपट असं डोळ्यांसमोर आणू नका. वेल्सच्या हाताखाली काही स्थानिक कारागीर विलायती पद्धतीने रेखाटायला शिकत होते : जवळचं मोठं आणि लांबचं लहान कसं दाखवायचं, सावली कशी टाकायची. जे.जे.च्या आधी जवळजवळ साठ-पासष्ट वर्षं ही गोष्ट पुण्यात चालू होती, हे एवढंही पुष्कळ आहे.

गंगाराम तांबट कोण?

आता आलो मुद्द्यावर. गंगाराम चिंतामण नवगिरे, तांबट. पुण्याचा चित्रकार. इंग्रजांच्या कागदांत 'गुंगाराम'. बहुतेक ठिकाणी त्याची ओळख 'वेल्सचा शिष्य' एवढ्यावर संपते आणि मला त्याचा राग येतो.

कारण साधं आहे, तारखा बघा. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. सवाई माधवरावांना जनावरांचं वेड. त्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं गंगारामने काढलेलं चित्र आहे, त्यावर महिना आहे नोव्हेंबर १७९०. वेल्स तेव्हा या देशात आलेलाच नव्हता! म्हणजे गंगाराम आधीच मॅलेटसाठी काम करत होता. त्याला रेषा येत होती, जनावर समोर बघून ते कागदावर आणण्याची नजर होती. वेल्सने त्याला विलायती दृष्टिक्रम दिला असेल, छायाप्रकाश दिला असेल. पण गेंड्याच्या कातडीच्या घड्या, त्या जड शरीराखालचे आखूड पाय हे कुणी शिकवून येत नाही. ते टक लावून बघावं लागतं.

पर्वतीचा डोंगर आणि वरची देवळं असंही त्याचं एक चित्र आहे, १७९५ चं. आजच्या सहकारनगरवाल्यांनी ते जरूर बघावं. डोंगर तोच आहे, भोवताली घरं नाहीत एवढंच.

तांबट होता म्हणजे तांब्याचे ठसेही तोच कोरायचा का? गीतेचे ठसे त्याचेच का?

थोडी पार्श्वभूमी. नागरी अक्षरांत भगवद्गीता छापावी असं नानांच्या मनात होतं. मॅलेटच्या उत्तेजनाने पुण्यातल्या एका तांबटाला ठसे कोरायला तयार केलं गेलं. काम पुरं व्हायच्या आत १८०० मध्ये नाना गेले. पुढे मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी त्या कारागिराला आश्रय दिला आणि १८०५ मध्ये मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. मराठी मुलखातल्या छपाईच्या इतिहासात या गीतेला मान आहे.

तो तांबट म्हणजे आपला गंगाराम, असं म्हणून टाकायचा मोह मलाही होतो. पण तांबट हे आडनाव कमी आणि धंदा जास्त. कसब्यात अख्खी तांबट आळी आहे. आडनाव जुळलं म्हणून माणूस जुळवू नये.

वेल्स एचिंगही करायचा म्हणजे नक्की काय करायचा?

भांड्यावर नाव घालणारा माणूस पाहिला असेल. तो पत्रा थेट कोरतो, जोर हाताचा. एचिंगमध्ये कोरायचं काम ॲसिड करतं. तांब्याचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा, त्यावर मेण आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर चढवायचा. थर वाळला की सुईने त्यात चित्र काढायचं. सुई तांब्यात शिरत नाही, फक्त थर खरवडला जातो आणि खालचा तांबूस रंग रेषेरेषेने उघडा पडतो. मग पत्रा ॲसिडमध्ये. उघड्या रेषा ॲसिड खातं, झाकलेला भाग शाबूत राहतो. जितका वेळ ठेवाल तितकी रेषा खोल, म्हणून लांबचे डोंगर लवकर झाकून टाकायचे आणि जवळची झाडं जास्त वेळ खाऊ द्यायची. थर पुसून शाई भरायची, वरची शाई कापडाने आणि शेवटी हाताच्या तळव्याने पुसायची, रेषेत असेल तेवढीच राहू द्यायची. ओलसर कागद ठेवून रुळाच्या यंत्रातून ओढायचा.

कागद उचलला की चित्र उलटं निघतं. म्हणून पत्र्यावर मलबार हिल आरशातल्यासारखी उलटी काढावी लागते. एकदा विसरलात तर कुलाबा भलत्याच बाजूला. माझ्या एका चित्रकार मैत्रिणीने मला पत्र्यावर माझं नाव काढायला दिलं होतं. काळजीपूर्वक सुलटं काढलं. छापून आल्यावर ते तिने फ्रेम करून भिंतीवर लावलंय, अजून आहे.

मुंबईची बारा दृश्यं कोणती?

१७९१ आणि ९२ मध्ये घेतलेली मुंबई बेटाची आणि आसपासची बारा दृश्यं, वेल्सने स्वतः काढून स्वतः पत्र्यावर घातलेली. संच लंडनमध्ये १८०० च्या सुमारास, त्याच्या मागे प्रसिद्ध झाला. छापील रेषा आणि वर हाताने भरलेला रंग, अशी त्यांची घडण.

मलबार हिलवरून, माझगावच्या बेलमाँटवरून, सायनच्या किल्ल्यावरून, घारापुरीहून अशी ही दृश्यं आहेत. मला सगळ्यांत आवडतं ते वरळीच्या लव्ह ग्रोव्हकडून दिसणारं 'ब्रीच'चं. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत घुसायचं. ते हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून अडवलं, वेल्स येण्याच्या थोडीच वर्षं आधी. म्हणजे त्याने जे काढलं ते त्या काळचं अगदी ताजं बांधकाम होतं, आज आपण कोस्टल रोडचे फोटो काढतो तसं. ब्रीच कँडीच्या नावातला 'ब्रीच' हाच, असं मानलं जातं.

या चित्रांत माणसं छोटी छोटी आहेत आणि आकाश भलं मोठं. मुंबईत एवढं आकाश होतं यावर आता विश्वास बसत नाही.

वेरूळच्या चित्रसंचावर वेल्सचं नाव कसं?

मॅलेटला वेरूळचा ध्यास होता. १७९४ च्या अखेरीस त्याने गव्हर्नर जनरल सर जॉन शोअरला वेरूळचं वर्णन पाठवलं, सोबत गंगारामने काढलेली चित्रं. ते पुढे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या 'एशियाटिक रिसर्चेस' या नियतकालिकाच्या सहाव्या खंडात छापून आलं. त्यानंतर १७९५ च्या सुरुवातीला वेल्स स्वतः वेरूळला गेला, बरोबर गंगाराम आणि रॉबर्ट मेबन नावाचा मदतनीस. मोजमापं, रेखाटनं झाली. वेल्सच्या मृत्यूनंतर थॉमस डॅनियलने त्यावरून चोवीस दृश्यांचा संच कोरून १८०३ मध्ये काढला.

मुखपृष्ठावर रेखाटनं वेल्सची आणि कोरीव काम डॅनियलचं, असं आहे. ज्याने आधी जाऊन कैलास लेणं कागदावर उतरवलं, त्या गंगारामाचं नाव तिथे नाही. काळाचा रिवाज होता, मान्य. पण आपण आज बोलतानाही तोच रिवाज पाळायचं काही कारण नाही.

डॅनियल काका-पुतणे आणि वेल्स यांची ओळख कशी?

थॉमस आणि विल्यम डॅनियल देशभर फिरून परतीच्या वाटेवर १७९३ मध्ये मुंबईत आले. वेल्सने त्यांना आसपासची लेणी दाखवली. मैत्री जमली. ती मैत्री वेल्सच्या पश्चात कामाला आली, कारण वेरूळ आणि दरबार ही दोन्ही कामं डॅनियलने तडीस नेली.

पुण्यात त्याने फक्त दरबारी मंडळींचीच चित्रं काढली का?

नाही. मॅलेटची सहचारिणी अंबर कौर हिचंही त्याने १७९२ मध्ये चित्र काढलं. तेव्हाच्या साहेबांच्या घरात अशा 'बीबी' असत. त्यांचे चेहरे सहसा कुठे उरत नाहीत. तिचा उरला.

तो वारला कसा?

तापाने. मुंबईजवळच्या लेण्यांमधल्या शिल्पांची चित्रं करण्याचं काम चालू होतं. नोव्हेंबर १७९५ मध्ये ठाण्याला त्याने देह ठेवला, वय अठ्ठेचाळीस. सवाई माधवराव गेले २७ ऑक्टोबरला. ज्याचं चित्र काढून नाव झालं, तो एकवीस वर्षांचा पेशवा आणि त्याचा चित्रकार काही आठवड्यांच्या अंतराने गेले. पावसाळा संपता संपता साष्टीत आणि बेटांवर झाडीत, ओल्या लेण्यांत दिवसदिवस बसून काम करणं म्हणजे तेव्हा जिवाशी खेळ होता.

त्याच्या कुटुंबाचं पुढे काय झालं?

बायको मार्गारेट, डंडीच्या विल्यम वॉलेसची मुलगी. थोरली लेक सुझॅना हिने १७९९ मध्ये, विलायतेत परतलेल्या मॅलेटशीच लग्न केलं. त्यांना आठ मुलगे झाले. वेल्सचे कागद मॅलेट घराण्यात का राहिले, याचं उत्तर या लग्नात आहे.

वेल्स मोठा चित्रकार होता का?

खरं सांगू? झोफनीच्या शेजारी ठेवलात तर नाही. त्याचे हात कधीकधी लाकडी होतात, वस्त्रांच्या चुण्यांत तो घाई करतो. पण चेहरा आला की तो जागा होतो. आणि जागेचं त्याचं भान पक्कं आहे : खांब किती, महिरप कुठून सुरू होते, किनारा कुठे वळतो. इतिहासवाल्यांना असा माणूस प्रतिभावंतापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

चित्रं इंग्रजांच्या सोयीची आहेत का?

काही अंशी हो. पैसे देणारा मॅलेट होता आणि तहाच्या चित्रात मॅलेट रुबाबात दिसणारच. पण नानांच्या चेहऱ्यात मला कुठलीही खुशामत किंवा हेटाळणी दिसत नाही.

हे सगळं बघायला कुठे मिळेल?

मूळ चित्रं परदेशात. पेशवे-नाना रॉयल एशियाटिक सोसायटीत, दरबार टेटमध्ये, मुंबईची दृश्यं ब्रिटिश लायब्ररीत. वेल्सची रोजनिशी आणि गंगारामची बरीच चित्रं अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या केंद्रात आहेत. या संस्था आपल्या संग्रहातल्या चित्रांचे फोटो इंटरनेटवर टाकतात. गेंडा शोधायचा असेल तर गंगाराम तांबट या नावानेच शोधा, 'वेल्सचा शिष्य' म्हणून नको.

प्रत्यक्ष काही बघायचं असेल तर एखाद्या सकाळी सायनच्या किल्ल्यावर जा. मॉन्सून नुकताच संपलेला असला तर उत्तम. पायऱ्या थोड्या आहेत, वर पडझड आहे, खाली रेल्वे आणि रस्ता. त्यांच्या पलीकडे जो ओलसर पट्टा दिसतो त्याच दिशेला तोंड करून वेल्स कधीतरी बसला होता. पाण्याची बाटली बरोबर ठेवा, वर काही मिळत नाही.